कविता धोडीने भरलेले नऊ फॉर्म

आमच्या बँकेत जनरल मॅनेजरपासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत एकही साहेब स्वतःचा ईमेल स्वतः उघडत नाही. चहाडी करायची म्हणून हे सांगत नाही, कामाची पद्धतच तशी पडली आहे. साहेब येतात, पाणी पितात आणि हाक मारतात, "कविता, काय आलंय बघ गं." बाहेरच्या शाखांतले साहेब तीच हाक फोनवरून मारतात. मग कविता त्यांच्या नावाने लॉगिन करायची, कामाचं असेल ते छापून टेबलावर ठेवायची, उत्तर काय द्यायचं ते ऐकून घ्यायची आणि आपल्या शब्दांत लिहून पाठवून द्यायची. चौदा अधिकाऱ्यांचे चौदा पासवर्ड तिला तोंडपाठ होते. अकरा वर्षं तिने हे केलं. आता करत नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

मी सुदर्शन चुरी, राहणार घोलवड. डहाणूतल्या एका लहानशा सहकारी बँकेत सिस्टीम अधिकारी. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच पगार मिळतो. मी कायम आहे. हा शब्द पुढे बऱ्याचदा येणार आहे.

कविता रघ्या धोडी तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. बाप ती बारावीत असताना गेला. आई शुक्री हंगामात आमच्या घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू निवडायला आणि भरायला येते, पहाटे टेम्पोत बसून. कविता आश्रमशाळेत शिकली, मराठी टायपिंगची परीक्षा दिली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका एजन्सीमार्फत आमच्याकडे डेटा एंट्रीला लागली. तलासरीहून चारोटी, चारोटीहून डहाणू, असं दोन गाड्या बदलून ती दहाच्या आधी हजर असायची. बँकेत वारली बोलणारी माणसं काउंटरवर गोंधळली की तिलाच बोलावलं जायचं. मशीन रुसलं की तिलाच. कुणाचा अर्ज लिहायचा असेल तरी तिलाच. शाखांमधले सगळे कंत्राटी कर्मचारी, म्हणजे तलासरीचा शिपाई लाहू, चारोटीची दक्षा आणि असे मिळून आठजण, रजेचा अर्जसुद्धा फोनवर तिला सांगायचे आणि ती तो त्यांच्या नावाने सिस्टीममध्ये भरायची. त्यांची खाती तिनेच उघडून दिली होती, पासवर्डही तिनेच ठेवले होते. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. सिस्टीम अधिकारी म्हणून मला वाटायला हवं होतं, पण मलाही ते सोयीचं होतं.

दरवर्षी मी सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतो. साहेब लोक चहापर्यंत बसतात. वही काढून लिहून घेणारी एकटी कविता. माझा एक नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो: मेलबद्दल जरा जरी शंका आली, तर ज्याच्या नावाने तो आलाय त्याला प्रत्यक्ष जाऊन विचारा. तिने तो वहीत लिहून त्याला चौकट केली होती, हे मी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी ऑडिटरने शेरा मारला की कर्मचारी खोट्या मेलला बळी पडतात का, याची चाचणी बँकेने घेतलेली नाही. ती घेऊन अहवाल द्यावा. अशी चाचणी घेऊन देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचं दरपत्रक बघून नविन सरांनी, म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरांनी, चष्मा काढून ठेवला. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो की, सर, यासाठी फुकट सॉफ्टवेअर मिळतं, मी लावतो.

खोटं बोललो नव्हतो. असं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कुणीतरी कुठेतरी बसून ते लिहिलं आणि जगासाठी खुलं ठेवलं. कोणीही उतरवून घ्यावं, आतला कोड वाचावा, हवा तसा बदलावा. एका जुन्या कॉम्प्युटरवर मी ते दुपारभरात बसवलं. त्यात कर्मचाऱ्यांची यादी भरायची: नाव, आडनाव, ईमेल आणि पद. मग खोटा मेल लिहायचा, त्यातली लिंक दाबल्यावर उघडेल असं खोटं पान बनवायचं, आणि एक बटण दाबायचं. पुढे कुणाला मेल पोचला, कुणी उघडला, कुणी लिंक दाबली आणि कुणी माहिती भरली, ते वेळेसकट समोर दिसत राहतं. मला ते सॉफ्टवेअर फार आवडलं. अजूनही आवडतं, त्याच्यात काही खोट नाही.

पहिल्या खेपेला मी तीन प्रकारचे मेल सोडले. एक कुरिअरचा, एक मेलबॉक्स भरल्याचा, आणि एक खुद्द नविन सरांच्या नावाने, तातडीने लॉगिन करा म्हणणारा. अर्ध्या तासात कविताने तिन्ही मेल छापले, त्यांवर लाल पेनाने 'खोटा वाटतो, उघडू नये' असं लिहिलं आणि प्रत्येक टेबलावर नेऊन ठेवलं. बाहेरच्या शाखांना फोन केले. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं की सरांचा मेल खोटा हे कशावरून. ती हसून म्हणाली, "सर, नविन सरांचे मेल मीच लिहिते. मी न लिहिता त्यांचा मेल आला कुठून?"

निकाल शून्य. एकही माणूस फसला नाही. एका कंत्राटी मुलीने अख्खी बँक राखली होती. शहाण्या माणसाने तिथेच अहवाल लिहून तिची शिफारस केली असती. नविन सरांनी तो शून्याचा कागद हातात घेतला आणि म्हणाले, "शून्य कोण मानणार, सुदर्शन? ऑडिटर बोलणार घरीच बसून बनवलं. जरा बरोबर टेस्ट लाव ना." आणि मला, खरं सांगायचं तर, शून्य झोंबलं होतं. एवढं सॉफ्टवेअर लावलं, आणि दहा हजारांवर राबणाऱ्या पोरीने माझे तिन्ही मेल लाल पेनाने खोडले.

मग मी विचार करायला बसलो की कविता कशाला फसेल. बाकीचे मनातच नव्हते, कारण तिला ओलांडल्याशिवाय कुणापर्यंत पोचता येत नव्हतं. उत्तर मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही चारोटीच्या शाखेत मशीन बदलायला गेलो होतो, तेव्हा नाक्यावर वडापाव खाता खाता तिनेच सांगितलं होतं. एजन्सीचा करार अकरा महिन्यांचा. मग एक दिवस खंड, मग नवा करार, कधी त्याच एजन्सीकडून तर कधी दुसऱ्या. खंडाच्या दिवशीही ती यायची, कारण ती नसली तर साहेबांचे मेल कोण उघडणार. फक्त हजेरीवर सही करायची नाही. कायम झाल्यावर काय करशील, असं मी तिला विचारलं होतं. आईचं वाडीवर जाणं बंद करीन, म्हणाली. आणि मग जरा लाजून म्हणाली की आजारी नसताना एक दिवस रजा टाकून बघीन.

तेच मी वापरलं. आस्थापना विभागाच्या दीप्ती मॅडमकडून ओळखपत्रांसाठी ठेवलेली यादी मागून घेतली. त्यात प्रत्येक कंत्राटी माणूस बँकेत पहिल्यांदा कधी आला त्याची खरी तारीख होती. सॉफ्टवेअरमध्ये पद लिहायची जी जागा असते, तिथे मी प्रत्येकाची ती तारीख आणि सलग सेवेची वर्षं भरली, म्हणजे ज्याने लिंक उघडली त्याला पानावर स्वतःची सेवा दिसावी. मेलमध्ये लिहिलं की संचालक मंडळाने कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करण्यास मंजुरी दिली आहे, प्रत्येकाने पुढील पानावर आपली सेवा तपासून, युजर नाव व पासवर्ड टाकून आज दुपारी एकपर्यंत ती पक्की करावी. अधिकाऱ्यांनाही तोच मेल माहितीसाठी म्हणून जोडला. पाठवणाऱ्याचं नाव कुणाचं घालावं हा प्रश्न होता. नविन सरांचं चाललं नसतं. मी स्वतःचं घातलं, कारण माझे मेल मीच लिहितो आणि ते तिला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी सव्वादहाला बटण दाबलं. पाच मिनिटांत कविता माझ्या दाराशी उभी. आत आली नाही. हातात ती चौकटीची वही नव्हती, काहीच नव्हतं.

"सर, तुमचा मेल आलाय," ती म्हणाली. "तुम्हीच पाठवलाय ना?"

नियम माझा होता. फळ्यावर मी लिहिला होता. ती तो पाळायला आली होती, आणि त्या क्षणी माझी चाचणी ती पास झाली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, मी पाठवलेला नाही. मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालो, "एक वाजेपर्यंतच आहे ना ते. बघून घे."

ती गेली. दहा बावीसला तिची माहिती भरल्याची नोंद पडली. मग पलीकडून तिचा फोनवरचा आवाज येऊ लागला. तलासरीला, चारोटीला, सरावलीला, ती एकेकाला आपल्या बोलीत सांगत होती. लाहूला कॉम्प्युटर येत नाही. दक्षा पोराला घेऊन दवाखान्यात होती. एकाचा फोन लागत नव्हता. एकची मुदत होती आणि कुणी मागे राहून चालणार नव्हतं, म्हणून तिने नेहमीसारखे सगळ्यांचे पासवर्ड वापरून एकेक फॉर्म स्वतःच भरला. अकराच्या आत नऊच्या नऊ झाले. माझ्या स्क्रीनवर एकेक ओळ लाल होत गेली. तिसऱ्या ओळीला मला वाटलं थांबवावं. थांबवायचं बटण समोरच होतं. मी सहावी, सातवी, नववी ओळ बघत बसलो.

दुपारी तिने माझ्या टेबलावर कागदात बांधलेले दोन पेढे ठेवले. मी ते खाल्ले. हे न लिहिलं तरी चाललं असतं, पण मग बाकीचं लिहिण्यात काय अर्थ आहे.

चार वाजता मी ते पान बंद केलं आणि सगळ्यांना मेल पाठवला की सकाळचा मेल चाचणीचा भाग होता, अशी कोणतीही मंजुरी झालेली नाही. कविताने तो स्वतःच्या खात्यात वाचला. मग सवयीप्रमाणे चौदा अधिकाऱ्यांच्या खात्यांत उघडला, बाहेरच्या शाखांना फोनवर वाचून दाखवला, इथल्यांसाठी छापला, आणि प्रत्येक टेबलावर नेऊन ठेवला. माझ्याही ठेवला. कागद सरळ करून, पेपरवेट ठेवून गेली. मला तेव्हा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अहवाल झकास झाला. अधिकारी चौदा, फसलेले शून्य. कंत्राटी नऊ, फसलेले नऊ. जे साहेब आयुष्यात मेल उघडत नाहीत ते शंभर टक्के सावध ठरले. ऑडिटरने अधिकारीवर्गाच्या दक्षतेचं लेखी कौतुक केलं आणि नविन सरांनी त्याची प्रत चौकटीत घालून केबिनमध्ये लावली.

पण नऊच्या नऊ फॉर्म एकाच कॉम्प्युटरवरून भरल्याचं त्यात दिसत होतं. बैठक बसली. नविन सर, दीप्ती मॅडम आणि मी. दुसऱ्यांचे पासवर्ड वापरणं हा सरळ नियमभंग, हे सगळ्यांना एकदम आठवलं. साहेबांचे चौदा पासवर्ड तिच्याकडे कसे, हे कुणालाच आठवलं नाही. दीप्ती मॅडमना मात्र काहीतरी खटकत होतं. त्या म्हणाल्या, "एवढी हुशार मुलगी. तिने कुणाला विचारलं नाही? तुमच्या ट्रेनिंगमध्ये तर तेच शिकवता ना, सुदर्शन?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी कागद उलटे-पालटे केले आणि म्हणालो, "रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही, मॅडम." वाक्य शब्दशः खरं होतं. प्रत्यक्ष येऊन विचारलं, असा रकाना त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

नऊ जणांना खुलाशाच्या नोटिसा गेल्या. त्या आठजणांना खुलासा लिहिता येत नव्हता, त्यांनी तो लिहायला कुणाकडे जावं? ते कविताकडेच गेले. हे मला पुढे लाहूने सांगितलं, तलासरीच्या शाखेत, माझ्याकडे न बघता. आठही खुलासे तिने बसून लिहून दिले: माझा पासवर्ड कविता धोडी यांनी मला न विचारता वापरला, माझा यात दोष नाही. लाहू सही करायला तयार नव्हता. "तीच बोलली, लाहूदादा, सही कर, नाय तर दोघांचं पण काम जाल," त्याने सांगितलं. आठजणांना ताकीद मिळाली आणि त्यांचे करार वाढले. कविताचा मार्चमध्ये संपला, तो संपला. तिला कुणी काढलं नाही, असं दीप्ती मॅडम मला दोनदा म्हणाल्या. फक्त नवा करार केला नाही.

जाताना तिने चौदा अधिकाऱ्यांचे पासवर्ड एका पाकिटात घालून, चिकटवून मॅडमकडे दिले आणि सगळ्यांना ते बदलायला सांगा म्हणाली. एकानेही बदलला नाही. मला माहीत आहे, कारण ते तपासणं माझं काम आहे.

मे महिन्यात तलासरीच्या शाखेचा यूपीएस गेला म्हणून मी तिकडे गेलो होतो. काम लवकर उरकलं. लाहूला तिच्या पाड्याचा रस्ता विचारला, त्याने हाताने दाखवला, बरोबर आला नाही. का गेलो ते नीट सांगता येत नाही. माफी मागायला गेलो होतो असं म्हटलं तर ते माझ्या बाजूचं होईल.

कविता ओट्यावर बसून कुणाचा तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज भरत होती. समोर दोन बायका बसल्या होत्या. मला बघून ती उठली, खुर्ची आणली, आईला कोरा चहा ठेवायला सांगितला. शुक्रीने मला ओळखलं नाही. बँकेतले सर म्हटल्यावर तिने हात जोडले, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. बायका गेल्यावर कविता समोर बसली. बँकेत नवीन कोण आलं, चारोटीचं मशीन चालतं का, असं तिने विचारलं. मग चहा झाल्यावर म्हणाली, "मी दाराशी येऊन विचारलं होतं, ते तुम्ही वर सांगितलं का सर?"

मी म्हणालो की बैठकीत तो विषय निघाला नाही.

तिने मान हलवली. रागाने नाही, एखादी नोंद तपासून पुढे जावं तशी. मग तिने आतून एक प्लास्टिकची फाइल आणली. डहाणूला ती एका वकिलाकडे जाऊन आली होती. वकील म्हणाले की अकरा वर्षं सलग काम केल्याचं दाखवता आलं तर भांडता येईल. पण तिच्याकडे होते तीन वेगवेगळ्या एजन्सींचे अकरा-अकरा महिन्यांचे कागद, प्रत्येकामध्ये एका दिवसाचा खंड. बँकेचं नाव असलेला, तिची सगळी वर्षं एकत्र लिहिलेला एकही कागद नव्हता. कागद तिने माझ्यासमोर तारखेप्रमाणे लावून ठेवले.

"त्या खोट्या पानावर होतं सर," ती म्हणाली. "माझं पूर्ण नाव, पहिल्या दिवसाची तारीख आणि खाली अकरा वर्षं सलग. तेवढं खरं होतं ना? तुम्ही ऑफिसच्या यादीवरून घेतलं असणार. ते छापून द्या. आणि खाली सही करून लिहून द्या की ही तारीख बँकेच्या यादीतली आहे. बाकी काही नको."

अकरा वर्षांत बँकेने तिच्याबद्दल लिहून तिला दाखवलेली एकच खरी गोष्ट माझ्या सापळ्यात होती, आणि ती तिला हवी होती. द्यायला पाच मिनिटं लागली असती. सगळं माझ्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून होतं. पण खाली माझी सही म्हणजे कोर्टात माझं नाव, आणि कोर्टात पहिला प्रश्न हाच की हे पान कुणी बनवलं आणि ती विचारायला आली तेव्हा कोण काय म्हणालं. मला अजून चौदा वर्षं नोकरी आहे. मी कायम आहे.

"ते राहिलं नाही गं," मी म्हणालो. "चाचणी संपली की सॉफ्टवेअर सगळं आपोआप पुसून टाकतं."

तिने लगेच विश्वास ठेवला. कॉम्प्युटरचं मी सांगितलेलं तिने कधी अमान्य केलं नव्हतं. "मग राहू दे सर," म्हणाली आणि कागद परत फाइलमध्ये भरायला लागली. शुक्रीने मला निघताना पिशवीभर आंबे दिले. नको म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी मी नऊलाच बँकेत गेलो. जुना कॉम्प्युटर सुरू केला, सॉफ्टवेअर उघडलं. त्या बुधवारची चाचणी तिथेच होती. यादीत तिची ओळ होती, कविता रघ्या धोडी, रुजू झाल्याची तारीख, सलग सेवा अकरा वर्षं, माहिती भरल्याची वेळ दहा बावीस. शेजारी प्रिंटर सुरू होता. मी डिलीटचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं की नक्की पुसायचं का, हे परत आणता येणार नाही. मी हो म्हटलं आणि आदल्या दिवशी तिला जे सांगितलं होतं ते खरं करून टाकलं.